मिसेस लिऊंचा गुरुवार

आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या चौकात दर गुरुवारी खाण्याच्या गाड्यांचा बाजार भरतो, आणि गुरुवारी मी मांसाहार करत नसे. खरं म्हणजे गोष्ट एवढीच आहे. पण एवढ्याशा गोष्टीपायी माझ्यावर आधी बदनामीची, मग कौतुकाची आणि शेवटी ईसीजीची वेळ आली, तेव्हा ती सविस्तर सांगणं भाग आहे.

मी डॉ. जयंत कारखानीस, लीड्समध्ये भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हा माझा व्यवसाय. महाराष्ट्र मंडळात मी भाषणाला उभा राहिलो की कुणीतरी याचा उल्लेख करतंच. काही वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीने असहकार पुकारला आणि स्टेंट बसवावे लागले. ज्या सहकाऱ्याने ते बसवले त्याला मी वाइनची बाटली दिली. पण त्याच वेळी बाहेर वेटिंग रूममध्ये माझ्या बायकोने, मधुमतीने, परस्पर दत्ताला नवस बोलून ठेवला होता. हे वाचले तर जन्मभर गुरुवारी सामिष खाणार नाहीत! नवस तिने बोलायचा आणि पाळायचा मी, ही आमच्यातली जुनी कामाची वाटणी आहे. मला हे सांगण्यात आलं तेव्हा माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्यामुळे हरकत नोंदवता आली नाही.

तो नवस मी पाळला. बायकोच्या धाकाने पाळतो, असं मी लोकांना सांगत असे. खरी गोष्ट अशी की त्या दिवशी मला बाहेर आणलं तेव्हा मधुमती हसत होती, पण हातातल्या पर्सचा बंद तिने इतका पिळला होता की तो तुटून आला होता. तो तुटका बंद मी पाहिला. त्यानंतर गुरुवारचं मटण ही फार मोठी गोष्ट वाटली नाही.

अर्थात तेव्हा मिसेस लिऊ आमच्या चौकात यायच्या होत्या.

आधी वास आला. एप्रिलमधल्या एका गुरुवारी दोन ऑपरेशनांच्या मध्ये मी चीज सँडविच आणायला म्हणून मागच्या दाराने बाहेर पडलो, तो भाजलेल्या जिऱ्याचा आणि मुरलेल्या मटणाचा वास समोरून चालत आला. लीड्समध्ये जिऱ्याचा वास नवा नाही. पण आपल्या घरांतून तो बंद खिडक्यांआडून, शेजाऱ्यांची माफी मागत येतो. हा भर दुपारी उघड्यावर, छाती काढून आला. सँडविचचं दुकान उजवीकडे होतं. माझे पाय डावीकडे वळले.

टोकाच्या गाडीवर साठीच्या आसपासची एक ठेंगणी चिनी बाई उभी होती. डोक्याला फडकं, हातात रुंद पात्याचा सुरा. याच मिसेस लिऊ. मूळच्या शीआनच्या, पण उमेदीची सगळी वर्षं लीड्समध्ये गेल्याने त्यांच्या इंग्रजीला यॉर्कशरचं वळण लागलं होतं. समोरचा सर्जन असो की पोस्टमन, त्या त्याला 'लव्ह' म्हणत.

त्या जे करत होत्या त्याला रौज्यामो म्हणतात, हे मला नंतर कळलं. कणकेचा जाड गोल आधी तव्यावर, मग तव्याखालच्या निखाऱ्यांच्या कडेला उभा. भाकरीपेक्षा जाड, पावापेक्षा कडक, आणि बाहेर येताना अंगावर तपकिरी चक्र उमटलेलं. सुऱ्याने कडेने चीर द्यायची, पण आरपार नाही. मग पातेल्यातून मटणाचा तुकडा काढायचा. तो इतका शिजलेला असे की पळीबरोबर वर यावं की नाही याचा विचार करी. लाकडी ओंडक्यावर तो तुकडा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर एकत्र घेऊन सुरा असा चालायचा की मी बघत राहिलो. मी आयुष्यभर सर्जनांच्या हातांकडे बघत आलो आहे. एकही हालचाल वाया न घालवणारा असा हात मी फार थोड्यांचा पाहिला आहे, आणि त्यांतले बहुतेक तोंडाने शिव्या देत असतात. मिसेस लिऊ गुणगुणत होत्या. शेवटी सगळं त्या भाकरीच्या पोटात भरून, वर पळीभर रस्सा सोडून, कागदात गुंडाळून त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. त्याने चावा घेतल्याचा आवाज मला दोन माणसं सोडून मागे ऐकू आला.

माझा नंबर आला. मी खिशात हात घातला, तोच फोन वाजला. मधुमतीचा मेसेज होता : 'आज गुरुवार. येताना फुलं आणा.'

मी मिसेस लिऊंना विचारलं, बाकीच्या दिवशी तुमची गाडी कुठे असते?

"अदर डेज हजबंड्स टेकअवे, लव्ह. सिक्स डेज आय फ्राय चिप्स," त्या म्हणाल्या. मग सुरा छातीशी धरून म्हणाल्या, "थर्सडे इज माइन."

इथे एक खुलासा करतो. आमच्या घराण्यात अन्नाची स्तुती करायची पद्धत नाही. वडिलांनी आईच्या हातचं सगळं 'बरं झालंय' या दोन शब्दांवर खाल्लं, आणि मीही मधुमतीच्या रविवारच्या मटणाला लग्नापासून तेवढंच म्हणत आलो. ती स्वतः शाकाहारी. न चाखता, केवळ वासावर मटण करते, आणि ते असं करते की मंडळातली माणसं रविवारी सहज म्हणून आमच्याकडे येतात. तर अशा घराण्यातला मी, एका न खाल्लेल्या पदार्थासाठी रात्रंदिवस झुरू लागलो, हे मी बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

मी अतुलला सांगितलं. अतुल आमच्याकडे हाडांचा सर्जन आहे, त्यामुळे प्रश्न दिसला की तो हातोडा शोधतो. "अरे जयंता, यात काय आहे? गुरुवारी घे, शुक्रवारी खा. तुमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही का?"

इतकं सोपं! पुढच्या गुरुवारी मी घरून स्टीलचा डबा नेला. मिसेस लिऊंनी गरम रौज्यामो माझ्या हातात ठेवला, मी तो अलगद डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"व्हॉट्स दॅट?"

मी सांगितलं की मी हे उद्या खाणार आहे.

"टुमॉरो?" मिसेस लिऊंनी हा शब्द असा उच्चारला की रांगेतली माणसं फोनमधून वर बघू लागली. "टेन मिनिट, ब्रेड डेड. ईट नाऊ, लव्ह, ऑर डोन्ट ईट." त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, उघडला, रौज्यामो काढून माझ्या मागच्या बिल्डरच्या हातात दिला, माझे पैसे परत केले आणि रिकामा डबा माझ्याकडे सरकवला. कन्सल्टंट म्हणून माझ्या नावापुढे बरीच अक्षरं आहेत. त्यांतलं एकही तेव्हा कामी आलं नाही. बिल्डर मात्र भरल्या तोंडाने "चीअर्स, मेट" म्हणाला.

डब्याच्या तळाला रस्सा लागला होता. तो मी ऑपरेशन थिएटरच्या सिंकमध्ये धुतला. धुताना बोट तोंडात घालावंसं वाटलं नाही असं नाही. घातलं नाही.

मग मी पुरुषोत्तमरावांकडे गेलो. हे आमचे शेजारी, रेल्वेतले निवृत्त सिग्नल इंजिनियर, पण मंडळाच्या गणपतीत पूजा तेच सांगतात. माझी अडचण ऐकून ते खूश झाले. "डॉक्टर, नवस कुठल्या दत्ताला बोलला? गाणगापूरच्या ना? मग वारही तिथलाच धरायचा. इथे संध्याकाळ झाली की तिकडे शुक्रवार!"

मला ते एकदम पटलं. संध्याकाळी थोडा वेळ बाजार चालू असतो. मी उठलोच होतो, तेवढ्यात त्यांचं बोट वर गेलं. "मात्र आपला वार मध्यरात्री बदलत नाही हं. सूर्योदयाला बदलतो." ते आत जाऊन पंचांग घेऊन आले. गाणगापूरला शुक्रवारचा सूर्य उगवतो तेव्हा लीड्समध्ये मिसेस लिऊ गाढ झोपलेल्या असतात, असं निष्पन्न झालं.

"मग शीआनचा सूर्योदय धरू," मी म्हणालो. "पदार्थ तिथला आहे."

"पदार्थाला वार नसतो, खाणाऱ्याला असतो," असा निवाडा देऊन त्यांनी पंचांग मिटलं. चहाचंही विचारलं नाही.

वार बदलत नसेल तर बाजार बदलावा, असं मग माझ्या मनाने घेतलं. तो चौक कुठल्याशा कंपनीच्या ताब्यात आहे. त्यांच्या वेबसाइटवर संपर्कासाठी दोनच पर्याय होते : तक्रार आणि हरवलेली वस्तू. मी तक्रार निवडली. दुसरा पर्याय जास्त खरा ठरला असता. मी अत्यंत सभ्य शब्दांत लिहिलं की मिसेस लिऊंच्या गाडीवर मला धार्मिक कारणास्तव गुरुवारी खाता येत नाही, तरी बाजार बुधवारी भरवण्याचा विचार व्हावा. उत्तर आलं की मिसेस लिऊंच्या गाडीवरील अन्नाबद्दल आपण व्यक्त केलेल्या चिंतेची गंभीर दखल घेण्यात आली आहे.

पुढच्या गुरुवारी ऐन जेवणाच्या वेळी पिवळं जाकीट घातलेला एक इन्स्पेक्टर त्यांच्या पातेल्यात थर्मामीटर बुडवून उभा होता. सगळं चोख निघालं. आमच्या थिएटरची तपासणी इतकी चोख कधी निघाल्याचं मला आठवत नाही. पण तोवर रांग पांगली होती. आणि जाताना इन्स्पेक्टरने सहजच विचारलं, "डॉक्टर कारखानीस म्हणून इथे कुणी येतात का?" मी माझं ओळखपत्र कोटाच्या आत सरकवलं. मिसेस लिऊंनी ते सरकवताना पाहिलं.

शरमेने मी त्या दिवशी एक रौज्यामो विकत घेतला. खाता येत नव्हता, डब्यात घालायची सोय नव्हती. शेजारून आमची ज्युनिअर डॉक्टर ईशानी चालली होती, तिच्या हातात तो ठेवला. ईशानी जन्माने हडर्सफील्डची. मराठी आजीकडून शिकलेली, तीही फोनवर.

"काका, तू नाही खाणार? तुम्ही, आय मीन."

"तू खा. आणि कसं लागतं ते सांग."

तिने चावा घेतला. "खूप चांगली आहे."

"चांगली म्हणजे? कड कशी आहे?"

"कड म्हणजे?"

"अगं काठ! एज!"

"ओ. क्रिस्पी."

"आणि आत?"

तिने विचार केला. "वेट."

इतकी अपुरी हिस्टरी मी आजवर कुठल्याही पेशंटकडून ऐकून घेतली नव्हती. म्हणून पुढच्या गुरुवारी मी एका अनुभवी नर्सला नेलं, नंतरच्या गुरुवारी स्ट्रेचर ढकलणाऱ्या एका वेल्श पोर्टरला. त्याने पहिल्या घासाला डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मी त्याच्या चेहऱ्याकडे, मॉनिटरकडे बघावं तसा, एकटक बघत होतो. "डॉक्टर," तो शेवटी म्हणाला, "माझी आजी मला माफ करो." मला त्यातून बरंच कळलं. असा सगळा उन्हाळा गेला. दर गुरुवारी मी एकाला खाऊ घालायचो आणि समोर उभा राहून तो खातो कसा हे बघायचो.

याचा परिणाम माझ्या ध्यानीमनी नव्हता. हॉस्पिटलने मला त्या वर्षीचा 'सर्वांत दयाळू सहकारी' म्हणून निवडलं. स्वतः उपाशी राहून गरीब बिचाऱ्या स्टाफला खाऊ घालणारा डॉक्टर! फोटो अर्थातच मिसेस लिऊंच्या गाडीसमोर. फोटोग्राफरने एक रौज्यामो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, वर धरा, आता तोंड उघडा, जरा मजा येईल. मी तोंड उघडलं. मागे मिसेस लिऊ माझ्याकडे ज्या नजरेने बघत आहेत ती नजर फोटोत स्वच्छ आली आहे.

तो फोटो पुरुषोत्तमरावांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. 'आपल्या डॉक्टरांचा गौरव!' खाली नमस्कारांचे हात आणि फुलांचे गुच्छ. खाली कुणीतरी विचारलं होतं, 'मटण का?' आणि फोटोतल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : 'थर्सडे ओन्ली'.

मधुमतीने तो पाहिला. पानं वाढली. जेवणं झाली. मी पेपर उघडला तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि तिने माझं मनगट हातात घेतलं. मला वाटलं, प्रेमाने. ती नाडी बघत होती.

"कुठे दुखतंय का?"

"अगं, मी खाल्लेलं नाही!"

"बरं."

"खरंच! तो फोटोग्राफर म्हणाला, तोंड उघडा."

"आणि हातात होतं ते?"

"ते नंतर पोर्टरने खाल्लं."

बोलताना माझं मलाच ते कसं ऐकू आलं, काय सांगू! तीस वर्षं मी कोर्टात उभ्या राहणाऱ्या डॉक्टरांना सल्ले देत आलो, पण सत्य इतकं खोटं वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

"मी रागावले नाहीये हो," मधुमती म्हणाली. "खाल्लं असेल तर नुसतं सांगा. म्हणजे मला काहीतरी करता येईल." तिचा आवाज अगदी साधा होता. वेटिंग रूमच्या दारात ती अशीच हसत उभी होती. मला स्वतःचा मनापासून राग आला.

सोमवारी तिने मला ईसीजीला नेलं. रिपोर्ट नॉर्मल. "बघ," मी म्हणालो.

"आज सोमवार आहे," ती म्हणाली.

गुरुवारी ती चौकात आली. मी तिला अडवण्याच्या आत ती रांग सोडून थेट गाडीपाशी गेली आणि शाळेत इन्स्पेक्शनला आलेल्या बाईंच्या इंग्रजीत विचारलं, "एक्सक्यूज मी. डज माय हजबंड ईट हिअर?"

मिसेस लिऊंनी सुरा खाली ठेवला. "धिस मॅन?" त्यांचा चेहरा लाल झाला. "धिस मॅन नेव्हर ईट! ऑल समर! बाय, बाय, बाय, नेव्हर ईट! फर्स्ट यंग गर्ल ईट, देन नर्स ईट, देन पोर्टर ईट. ही स्टँड हिअर अँड वॉच, सी इफ दे डाय!"

रांगेतला एक जण खोकला.

"अँड ही सेंड इन्स्पेक्टर! देन ही टेक फोटो!" आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सिक्स डेज आय फ्राय चिप्स, लव्ह. नोबडी स्केअर्ड ऑफ माय चिप्स. थर्सडे आय मेक माय मदर्स ब्रेड, अँड डॉक्टर स्केअर्ड!"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी जिच्या हाताला मनातल्या मनात रोज नमस्कार करत होतो, तिला मी सगळा उन्हाळा रडवत होतो! आणि मधुमती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग उघड, आणि मग हसताहसताच ओढणीने डोळे पुसू लागली. गाडीच्या कडेला जाऊन तिने मिसेस लिऊंना सगळं सांगितलं. माझं हृदय, वेटिंग रूम, नवस. मिसेस लिऊंना नवस समजावून सांगावा लागला नाही.

"यू प्रॉमिस, फॉर हिज हार्ट," त्या मान डोलावत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "व्हाय यू नॉट से?"

या प्रश्नाला आमच्या घराण्यात उत्तर नाही.

घरी येताना गाडीत मधुमतीने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "इतके गुरुवार नुसते वासावर उभे होतात?"

"हो."

"मला सांगायचं तरी."

"तुला वाईट वाटलं असतं."

पुढच्या सिग्नलला ती म्हणाली, "देवाला एका माणसाकडून अजून किती हवंय? मी बोलते दत्तमहाराजांशी. उद्यापन करून टाकू."

पुरुषोत्तमरावांनी पंचांगासकट विरोध केला. जन्मभराच्या नवसाचं उद्यापन नसतं, आणि असलं तरी मेहूण जेवायला घालावं लागतं. "घालणार आहे ना," मधुमती म्हणाली. "मिस्टर आणि मिसेस लिऊ." पुरुषोत्तमरावांचं बोट वर गेलं. "मेहूण म्हणजे नवराबायको," ती म्हणाली. "पासपोर्ट बघा असं कुठे लिहिलंय का?" बोट खाली आलं.

पुढच्या गुरुवारी बाजार आटोपल्यावर दोघं आमच्याकडे आली. मिसेस लिऊंची ओटी भरली. मांडीवरचा नारळ धरून त्या ताठ बसल्या होत्या. मधुमती आत पुरणपोळ्या लाटत होती आणि तव्यावरून थेट पानात वाढत होती. मिस्टर लिऊ मान खाली घालून खात राहिले. मिसेस लिऊंनी पहिली पोळी उचलून उजेडात धरली, पुरण कडेपर्यंत गेलंय की नाही ते बघितलं आणि मधुमतीकडे बघून मान हलवली. दोन कारागिरांमध्ये काय बोलणं झालं ते आम्हा नवऱ्यांना कळलं नाही. दुसरी पोळी पानात पडल्यावर मात्र त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला आणि ती हळूच त्यात सरकवू लागल्या.

मधुमतीने तो डबा हातातून काढून घेतला. "नो टुमॉरो," ती म्हणाली. "ईट नाऊ."

मिसेस लिऊ इतक्या हसल्या की नारळ घरंगळत सोफ्याखाली गेला.

आणि मग तो गुरुवार उजाडला. मधुमती बरोबर होती. ईशानी, अतुल, वेल्श पोर्टर, सगळे मुद्दाम जमले होते. मिसेस लिऊंनी भाकरी निवडून घेतली, मटण निवडलं, सुरा चालवला, रस्सा जरा जास्तच सोडला आणि रौज्यामो माझ्या हातात ठेवून समोर हात बांधून उभ्या राहिल्या.

मी चावा घेतला. कड आधी कुरकुरली, मग आत जिरं, धने, मिरचीचा झटका आणि मटण, जे दातांची वाट न बघता आपणच विरघळलं. सबंध उन्हाळा लोकांनी मला जे सांगितलं होतं त्यातलं काही म्हणजे काही खरं नव्हतं. ते सगळे कमी बोलले होते. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत गेला. डोळे भरून आले, ते मिरचीने आले असं मी ठरवलं.

"वेल?" मिसेस लिऊ म्हणाल्या. सबंध रांग माझ्याकडे बघत होती.

"बरं आहे," मी म्हणालो.

"व्हॉट ही से?"

मधुमतीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती मिसेस लिऊंना म्हणाली, "ही सेज ही हॅज नेव्हर ईटन एनीथिंग लाइक इट इन हिज लाइफ. ही सेज थँक यू. अँड ही इज व्हेरी सॉरी अबाउट द इन्स्पेक्टर."

मिसेस लिऊंनी संशयाने माझ्याकडे बघितलं. "ऑल दॅट?"

"ऑल दॅट," मधुमती म्हणाली. "टू मी ही सेज इट एव्हरी संडे."

मी घाईने मोठा चावा घेतला. घास तोंडात असताना बोलू नये.